तीन माडांचं अंतर

१४ ऑगस्ट २०२०

रुआतूस,

इकडे सगळे जिवंत आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण तुमच्याकडे हल्ली हे कुणी गृहीत धरत नाही म्हणे. रेडिओवर रोज देशादेशांतले मेलेले मोजतात आणि शेवटी सांगतात, किरिबाती, शून्य. ते शून्य ऐकलं की मनेआबात, गावसभेच्या छपराखाली, बसलेले आम्ही सगळे म्हातारे समाधानानं पाय हलवतो. अख्ख्या जगात कशात तरी आपला पहिला नंबर आला, आणि तोही काही न करता. नुसतं दार लावून घेतलं.

त्या दाराबाहेर तू राहिलास, त्याला आम्ही काय करणार? तुझं पत्र मालवाहू बोटीनं आलं. जर्मनीतल्या बंदरात जहाज सोडलंस, कंपनीनं तुम्हा सगळ्या खलाशांना पोरांच्या कुठल्या वसतिगृहात ठेवलंय, जेवायला बटाटे असतात, आणि घरी न्यायला कुणी येत नाही. लिहितोस, ‘तुम्ही आम्हाला विसरलात.’ विसरलो कसे? दर रविवारी तुमच्यासाठी प्रार्थना होते. आजाऱ्यांच्या नंतर आणि पावसाच्या आधी. पाऊस तरी पडतो.

आई बरी आहे. रुआतूचं जहाज कधी लागणार, म्हणून विचारते. मी सांगितलं, समुद्र बंद आहे. तर म्हणते, ‘समुद्राला दार कुठंय रे?’ आता हिला काय समजावणार!

तू मागे पाठवलेलं बोटीचं इंजिन आता माझ्याकडे आहे. आईनं ते तुझ्यासाठी झावळ्यांखाली झाकून ठेवलं होतं. मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो आणि मागितलं. रक्ताच्या माणसानं समोर बसून बुबुती केली, की आभाळ कोसळलं तरी नाही म्हणता येत नाही, हे एवढी वर्षं परक्यांच्या जहाजांवर काढूनही तू विसरला नसशील. ती नाही म्हणाली नाही. झावळ्या बाजूला सारून पाठ फिरवून बसली. इंजिन छान चालतं.

तुझा भाऊ,
कामोरिकी

३० मे २०२१

रुआतूस,

आईच्या पायाला शिंपला लागला. साखरेचं दुखणं, त्यामुळे जखम लवकर भरत नाही. काळजीचं कारण नाही. मी रोज स्वतः धुतो, स्वतः भरवतो. तुझी वहिनी मदतीला येते तर मी तिलाही बाजूला सारतो. गावातल्या चार माणसांनी हे पाहिलंय.

पलीकडच्या कारोतूची आत्या वारली. तिची सख्खी मुलं राजधानीत, तारावाला, नोकऱ्या करत बसली, आणि शेवटच्या आजारात तिचं अंग पुसलं कारोतूनं. जाताना तिनं त्याला शुश्रूषेची जमीन दिली. अळवाचे सगळे खड्डे, आणि ओळीनं माड. मुलं रडतायत. रडून काय होणार, रीत ती रीत. जो शेवटचा घास भरवतो, त्याचं. हे मी सहज सांगितलं.

तुम्हाला आणायला विमान पाठवणार, असं सरकार म्हणतंय. पाठवू दे. आम्हीही मनेआबात बसून एक ठराव केला आहे. तो तू आल्यावर कळेलच.

कामोरिकी

२४ नोव्हेंबर २०२१

रुआतूस,

आलास. चांगलं झालं. बोटीच्या कठड्याशी उभा राहून तू हात वर केलास, मीही केला. लोकांना वाटलं मी तुला बोलावतोय. तो थांब म्हणायचा हात होता.

आता तू पाखरांच्या बेटुकल्यावर का आहेस, ते नीट ऐक. राजधानीत तुला कोंडून ठेवलं, नाकात काड्या घातल्या, आणि तू निरोगी आहेस असा कागद दिला, हे कबूल. पण कागद इंग्रजीत आहे, आणि आमच्या म्हाताऱ्यांचा म्होरक्या तोंगाबिरी. त्याला इंग्रजी येत नाही. ठराव असा, की बाहेरून येणाऱ्यानं दोन अमावास्या सरेपर्यंत तिथं राहायचं. सूचना माझी होती. कुणाकडून तरी कळणारच, तर सोनारानंच कान टोचलेले बरे.

माझी अकोइया दिवसाआड टोपली आणेल. ओहोटीला चालत, भरतीला होडीतून. मधल्या सपाट खडकावर ठेवेल. ती वळून निघेपर्यंत तू तीन माडांच्या अंतरावर उभं राहायचं. तीन माड आडवे पाडले तर जेवढं होईल तेवढं, पुढे नाही. ती वीस वर्षांची आहे आणि काका म्हणून तुझ्यावर तिचा फार जीव. तू जवळ आलास तर ती मागे हटणार नाही, म्हणून तुलाच सांगतो. तुझ्या चिठ्ठ्या आम्ही दिवसभर उन्हात दगडाखाली ठेवतो आणि मग वाचतो. तेव्हा उत्तराची घाई करू नकोस.

विहिरीचं पाणी खारट लागेल. पूर्वी अंगावर चट्टे उठलेल्या माणसांना तिथं ठेवत, तीही तेच पाणी प्यायची. शहाळी आहेत. पाखरांची अंडी आहेत. जर्मनीतल्या बटाट्यांपेक्षा वाईट नाही.

आईला तू आल्याचं सांगितलेलं नाही. तिच्या लेखी तू अजून बर्फ बघतो आहेस. या वयात आनंद झेपत नाही. गावालाही मी तंबी दिली आहे. पायाचं विचारलंस. बरा आहे. तुझ्या वहिनीनं तिच्या झोपडीत चारी बाजूंना केवडा टांगलाय, दिवसातून दोनदा ताजा. वास छान येतो.

कामोरिकी

६ डिसेंबर २०२१

रुआतूस,

काल सकाळी तू माडी काढायला माडावर चढलास आणि गायलास.

माडावर चढलेल्यानं गायचं असतं, म्हणजे खालून जाणाऱ्याला कळतं की वर माणूस आहे, हे मला शिकवू नकोस. बापानं आपल्या दोघांना एकाच माडावर शिकवलं. पण वारा इकडचा होता. आई दारात पाय पसरून बसली होती. साखरेनं तिचे डोळे गेलेत, कान नाही गेले. म्हणाली, ‘हा आपला रुआतू.’

मी म्हटलं, आई, तो कारोतू.

‘कारोतूला गळा कधी फुटला?’

मी म्हटलं, झोप आता. झोपली नाही. दुपारपर्यंत तोंड तिकडे करून बसली होती, आणि अकोइयाला काहीतरी विचारत होती. अकोइया माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मला काय विचारतेस आजी, बाबांना विचार. गावात काय ऐकू यायचं आणि काय नाही, ते हल्ली बाबा ठरवतात.’ पोरीची जीभ तुझ्यावर गेली आहे.

तर कृपा करून मुक्यानं चढ. तिथं खाली माणूसच नाही. कुणाला कळवायचंय, पाखरांना?

कामोरिकी

ता. क. आज पुन्हा गायलास. तेच गाणं, आणि आधीपेक्षा मोठ्यानं. ठीक आहे. उद्यापासून टोपलीत तंबाखू नसेल.

२० डिसेंबर २०२१

रुआतूस,

काल उधाणाची ओहोटी होती. खडक पार इकडून तिकडे उघडा पडला होता. मी तोंगाबिरीला आणि आणखी दोघांना घेऊन कडेपर्यंत आलो, तू नियम पाळतोस की नाही ते बघायला. तू चालत आलास, तीन माड राखून थांबलास, ते बरं केलंस. मग त्या ओल्या खडकावर मांडी घालून बसलास आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलास.

लाटांचा आवाज फार होता. मी कानामागे हात धरला, ते तू पाहिलंसच. तू पुन्हा ओरडलास. पुन्हा काही कळलं नाही. शेवटी मी मान हलवली आणि लाटांकडे बोट दाखवलं. तोंगाबिरीला हल्ली शेजारी बसून सांगितलेलंही ऐकू येत नाही. तो म्हणाला, ‘काय मागतोय?’ मी म्हटलं, ‘मीठ.’

म्हणून आज टोपलीत मीठ आहे.

तुला काय म्हणायचं होतं ते लिहून कळव. मात्र लिहिलेली बुबुती धरत नाहीत, हे लक्षात ठेव. मागणारा समोर बसलेला हवा आणि त्याचा आवाज कानी पडायला हवा. तू नुसता समोर बसला होतास. अर्धंच झालं. अर्ध्याला काही अर्थ नाही.

राग मानू नकोस. दुसरी अमावास्या रविवारी, नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी आहे. मग तू मोकळा. कळ काढ.

कामोरिकी

३ जानेवारी २०२२

रुआतूस, आणि आता आईलाही, आणि अकोइये, तुलाही,

काल देवळातून आम्ही सगळे मनेआबात गेलो. विषय रुआतूच्या सुटकेचा होता. मी उठून बोललो. जगात नवी लाट आली आहे, आधीच्यापेक्षा चपळ. आपलं शून्य टिकवायचं असेल तर माया आवरली पाहिजे. ज्याचा सख्खा भाऊ तिकडे आहे तो मी हे सांगतो आहे, तर तुम्हाला जड का जावं? आणखी एक अमावास्या थांबू. भाषण चांगलं झालं. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग खेकडे आले, भात आला, कोंबडी आली, आणि शून्याच्या नावानं नाच झाला.

भाषण थोडं आखूड केलं असतं, तर मी वेळेवर बाहेर आलो असतो.

बाहेर आलो तर ओल्या वाळूत चाकाची एकच रेघ. खोबऱ्याची पोती वाहायची आपली एकचाकी गाडी, तिच्यात आई बसलेली, चटई पाठीशी, बांधलेला पाय पुढे काढलेला, आणि अकोइया ती गाडी खडकांवरून रेटत चाललेली. अर्ध्याच्या वर पोचल्या होत्या. मी हाका मारल्या. अकोइयानं मागे पाहिलं नाही. आईनं पाहिलं, पण तिला दिसत नाही. तू पाण्यात धावत आलास. तीन माड, दोन माड, एक माड. मग तू तिला उचललंस आणि मला पुढचं बघवलं नाही. म्हणजे, ऊन डोळ्यांवर आलं.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. तोंगाबिरीनं विचारलं, ‘आता रे?’ मी म्हटलं, जो गेला तो तिकडचा. नियम तो नियम. दुसरं काय म्हणणार होतो? नियमाचा बापच मी.

आता ऐका. आईला घास भरवायचा तो अकोइयानं. अंग पुसायचं तेही अकोइयानं. रुआतूनं नाही. रुआतू, लाकडं गोळा कर, मासे पकड, छप्पर शाकार, वाटेल ते कर. पण घास नाही. का, ते तुला समजतं. अकोइये, तू माझी मुलगी आहेस, हे विसरू नकोस.

कामोरिकी

१२ जानेवारी २०२२

रुआतूस,

तुझी चिठ्ठी उन्हात ठेवायला विसरलो, तशीच वाचली.

पाय घोट्यापर्यंत काळा आहे, असं लिहितोस. हा काळा काही आठवड्याभरात झालेला नाही, असंही लिहितोस. तू जहाजावर इंजिनात तेल घालायचास, वैद्य कधी झालास? हो, नोव्हेंबरात अंगठा काळा होता. नर्सबाई म्हणाल्या होत्या, तारावाला न्या, बोटीत जागा आहे. पण नेलं असतं तर परत आल्यावर तिलाही ठरावाप्रमाणे पाखरांच्या बेटुकल्यावर राहावं लागलं असतं. आईला तिथं ठेवायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून नेलं नाही. आणि बघ, शेवटी गेली तिथंच.

नर्सबाई परवा मनेआबात आल्या आणि म्हणाल्या, मला जाऊ द्या. तोंगाबिरी म्हणाला, ‘जा, पण मग पुढच्या अमावास्येपर्यंत तिकडेच. इथल्या बाळंतिणींचं कोण बघणार?’ त्या रडायला लागल्या. मी बोललो नाही. सगळ्यांनाच वाटत होतं मी बोलेन. माझ्याच ठरावाविरुद्ध मीच बोललो, तर उद्या या जागेवर बसून माझं कोण ऐकेल?

त्यांनी गोळ्या दिल्या आहेत, टोपलीत तळाशी. केवड्याची फुलंही घातली आहेत. झोपडीच्या आतून टांगा, बाहेरून नको.

ती माझ्याबद्दल काही विचारते का?

कामोरिकी

२१ जानेवारी २०२२

रुआतूस,

काल सकाळी तू माडावर चढलास आणि गायला नाहीस. तेव्हाच कळलं.

मी घंटा वाजवायला सांगितली. गाव जमलं. बायकांनी खाडीकडे तोंड करून रडून घेतलं. तुझी वहिनी वाळूत लोळली. मी उभा होतो.

अकोइयाची चिठ्ठी मिळाली. लिहिते, शेवटी तिनं रुआतूच्याच हातून घास मागितला, बाकी कुणाच्या हातचं तोंडात घेतलं नाही. आणि दोघांच्या देखत अळवाचे खड्डे त्याला दिले. बरं. साक्षीदार दोघं, एक घेणारा आणि दुसरी माझी फितूर मुलगी, आणि दोघंही रोगट बेटावरचे. मनेआबात ही साक्ष कोण धरेल? पण तो विषय आज नको. आजच्या दिवशी जमिनीबद्दल बोलणारा मी नव्हे.

मला आई हवी. आपल्या अंगणात, बापाच्या शेजारी जागा आहे. ती जागा मी परवाच साफ करून घेतली होती. तिला होडीत ठेव, चटईत नीट गुंडाळ, आणि होडी मधल्या खडकापर्यंत ढकल. पुढचं आम्ही बघू. काठ्यांनी ओढून घेऊ. हे मी तुझ्याकडे मागतो. थोरला भाऊ धाकट्याकडे मागतो आहे, रुआतू. बुबुती समज.

कामोरिकी

२३ जानेवारी २०२२

रुआतूस,

तुझं उत्तर पाठ झालंय. ‘दादा, बुबुती कागदावर होत नाही. इकडे ये, माझ्यासमोर बस आणि माग. मी नाही म्हणणार नाही.’

अक्षर अकोइयाचं, शब्द तुझे, आणि तुझ्याही आधी ते माझे. चोरानं चोराच्याच घरी डाका घातला.

मी निघालो होतो, हे तुला कळावं म्हणून लिहितो. काल ओहोटीला लुंगी वर खोचली आणि गुडघ्याइतक्या पाण्यात उतरलो. मागून तोंगाबिरी म्हणाला, ‘जा की. आई आहे. परत कधी यायचं ते आम्ही ठरवू.’ आणि किनाऱ्यालगतच्या मनेआबात आमच्या घराण्याचा जो खांब, त्याच्याशी, माझ्या बसायच्या जागेवर, त्यानं सहज हात टेकला. तो तिथं कधी हात टेकत नाही. मासे पायाला ढुशा देत होते. मग परत फिरलो.

तिला तिथंच पुरा. डोकं पूर्वेला. पाळक या किनाऱ्यावरून वचनं वाचतील, वारा अनुकूल असेल तर ऐकू येतील. टोपलीत पांढरं कापड आहे. बापाच्या शेजारचा खड्डा मी बुजवून घेतला. उघडा खड्डा अंगणात चांगला दिसत नाही.

कामोरिकी

१७ फेब्रुवारी २०२२

रुआतूस,

शून्य संपलं. तुला तिथं रेडिओ नाही म्हणून सांगतो. राजधानीत विमानातून रोग आला, आता मोजतही नाहीत. तुमची मुदत मनेआबानं पुन्हा वाढवली, पुढचा निर्णय होईपर्यंत. या वेळी मी बोललो नाही. गरज पडली नाही. एकदा चाक उतारावर सोडलं की ढकलावं लागत नाही.

दरम्यान तांदूळ संपला. पीठ संपलं, साखर संपली. लोक अळू उकडून खाऊ लागले आणि तोंडं वाकडी करू लागले. मंगळवारी राजधानीची बोट आली. आम्ही सगळे म्हातारे किनाऱ्यावर उभे होतो, ठराव तोंडपाठ. बोटीनं पोती दाखवली. कुणी काही बोललं नाही. मग पोती उतरली, पोती उतरवणारे उतरले, आणि त्यांच्या मागून तोंगाबिरीचा जावई उतरला, नाक पुसत. सासऱ्याच्या गळ्यात पडला. त्याला बेटुकल्यावर पाठवा असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही. सगळ्यांचं लक्ष तांदळाकडे होतं.

त्या जेवणात मी तीनदा भात घेतला.

तुला एक पोतं पाठवतो आहे. आता ठरावाला तसा काही अर्थ उरलेला नाही, असं तोंगाबिरी स्वतःच म्हणतो. तेव्हा ये. अकोइयाला घेऊन ये. तिची आई तिची वाट बघते.

कामोरिकी

४ मार्च २०२२

रुआतूस,

ही चिठ्ठी रिकाम्या टोपलीत, दगडाखाली ठेवतो आहे. आधी दिवसभर उन्हात वाळू दे. अकोइयाला हात लावू देऊ नकोस.

तांदळाचं पोतं तुम्ही परत पाठवलंत, न उघडता. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, चांगलं केलंत.

तोंगाबिरी गेला. कारोतूही गेला, त्याच्या आत्याच्या खड्ड्यांतलं अळू तसंच उभं आहे. घरटी एक तरी माणूस पडून आहे. तुझी वहिनी बोलता बोलता थांबते आणि हवा गिळते. तिला मीच भरवतो, मीच पुसतो, इथं आता दुसऱ्याच्या घरी कुणी पाऊल टाकत नाही. मला फक्त खोकला आहे. आपल्या सगळ्या मुलखात रोग नसलेली आता एकच जागा उरली असेल, आणि ती मी निवडून तुला दिली.

काल उधाणाची ओहोटी होती. मी आलो, ते तू पाहिलंस. मी मधल्या खडकाच्याही पुढे गेलो. तेव्हा तू झाडांतून बाहेर आलास आणि हात वर केलास. मला वाटलं, बोलावतो आहेस. मग ओळखलं, तो कुठला हात आहे ते. मी थांबलो. अकोइया टोपली घेऊन आली, माझ्यापासून लांब ठेवली, आणि मागे सरली. नीट तीन माड, झावळीभरही कमी नाही. ती वाळली आहे. तिनं विचारलं, ‘आई?’ मी म्हटलं, आहे. मग ती रडली, पण पुढे आली नाही. तिला शिस्त मीच लावली.

टोपलीत अळू होतं. आईच्या खड्ड्यातलं असणार. ओहोटीला तू रात्री येऊन काढून नेतोस, अशी कुजबुज गावात होतीच. काढलंस तर तुझंच आहे. हे मी मनेआबात सांगितलं असतं, पण तिथं आता ऐकायला कुणी बसत नाही.

तुझ्या मागे, वाकड्या माडाखाली, पांढऱ्या शिंपल्यांची चौकट दिसत होती. मी तिथंच ओल्या खडकावर मांडी घातली. या वयात बसलं की उठवत नाही, तरी बसलो. तुझ्यासमोर. आणि दोन्ही हात तोंडाशी धरून मागितलं. जमीन नाही मागितली. अकोइया नाही मागितली. म्हटलं, मला आईपाशी बसू दे. थोडा वेळ. तुम्ही दोघं लांब व्हा, तीन माड, दहा माड, हवं तितके. मी बसेन आणि जाईन.

तू कानामागे हात धरलास.

मी पुन्हा ओरडलो. खोकला आला म्हणून मध्ये थांबलो, मग पुन्हा ओरडलो. तू मान हलवलीस आणि लाटांकडे बोट दाखवलंस.

काल समुद्र अगदी शांत होता, रुआतू. मला माझाच खोकला पलीकडून परत ऐकू येत होता. उधाणाच्या ओहोटीला त्या खडकावर लाटा नसतातच.

तेव्हाही नव्हत्या.

कामोरिकी